आतपजन्य त्वचाविकृती आणि रेटिनॉइड : मात्रा, काल व मर्यादा

चेहऱ्यावरील वांग, काळसर डाग, रापलेली व खरखरीत त्वचा अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आज वैद्याकडे कोऱ्या पाटीने येत नाही. त्याने आधीच काहीतरी लावलेले असते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली एखादी ट्यूब, शेजारणीने सुचविलेली ‘गोरेपणाची क्रीम’, रेटिनॉल असल्याचे वेष्टनावर छापलेले एखादे महागडे प्रसाधन, किंवा ‘नैसर्गिक रेटिनॉल’ म्हणून विकले जाणारे बावचीचे तेल, यांपैकी एक तरी वस्तू त्याच्या पिशवीतून निघते. वरवर पाहता या चार वस्तू वेगवेगळ्या वाटतात. परंतु चारही ठिकाणी एकाच द्रव्यवर्गाचा संबंध येतो. तो वर्ग म्हणजे रेटिनॉइड.

रेटिनॉइड हा आधुनिक वैद्यकाचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून वैद्यवर्गास व फार्मसी चालकांस यापुढे चालणार नाही. ज्या त्वचेवर आपण लेप देणार, ती त्वचा या द्रव्याने आधीच बदललेली असू शकते. म्हणून या चिकित्सेचे यश कशात आहे, तिच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्या व्यवहारात कोणती सावधगिरी हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आतपाने त्वचेचे काय होते?

सुश्रुताचार्यांनी व्यंगाचा समावेश क्षुद्ररोगांत केला आहे. क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्तासह मुखप्रदेशी येऊन पातळ, वेदनारहित, श्याववर्णी मंडल उत्पन्न करतो, असे त्याचे वर्णन आहे. त्वचेच्या सात थरांचे वर्णन करताना तिलकालक, न्यच्छ व व्यंग यांचे अधिष्ठान त्यांनी ‘लोहिता’ या दुसऱ्या थरात सांगितले. व्यंगाच्या या हेतूंत आतपाचा स्वतंत्र उल्लेख नसला, तरी पित्तप्रकोपक हेतूंत तीक्ष्ण आतपाची गणना आहेच. आणि उन्हात वांग गडद होते हा प्रत्येक चिकित्सकाचा नित्याचा अनुभव आहे.

आधुनिक शास्त्राने या प्रक्रियेचा सूक्ष्म उलगडा केला आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण मुख्यतः बाह्यत्वचेत शोषले जातात, तर अतिनील-अ किरण अधिक खोल, अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फिशर, व्हूरहीस व सहकाऱ्यांनी १९९६ व १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले की, त्वचेला फारशी लाली न येईल इतक्या अल्प किरणांनीही कोलॅजेन तोडणारी विकरे निर्माण होतात. त्वचा ही झीज भरून काढते. परंतु प्रत्येक वेळी थोडी उणीव राहते. वर्षानुवर्षे साचलेली ही उणीव म्हणजेच सुरकुती.

अतिनील-अ किरण काचेतूनही येतात. अमेरिकेतील एका नियतकालिकात २०१२ साली ६९ वर्षे वयाच्या एका मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याने २८ वर्षे गाडी चालविली होती. खिडकीकडील डाव्या गालाची त्वचा जाड, सुरकुतलेली व लोंबलेली, तर उजवी बाजू त्या मानाने पुष्कळच बरी होती. आपल्याकडे चालकाचे आसन उजवीकडे असल्याने एस.टी. चालक किंवा ट्रकचालक रुग्णाचा उजवा गाल व उजवा हात निरखून पाहावा. दर्शन-परीक्षेत हेतूचा मागोवा असा मिळतो.

एका द्रव्याचा इतिहास

रेटिनॉइड म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व व त्याच्याशी संबंधित संयुगांचा वर्ग. त्यातील ट्रेटिनॉइन, म्हणजे रेटिनॉइक आम्ल, हे बाह्योपचारात सर्वाधिक अभ्यासलेले द्रव्य होय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ साली मुखदूषिकेवर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला आणि १९७१ साली अमेरिकेत त्या कारणासाठी त्यास मान्यता मिळाली. पुढे मुखदूषिकेसाठी हे मलम वापरणाऱ्या प्रौढ स्त्रियांनी त्वचा मऊ झाल्याचे व बारीक सुरकुत्या कमी झाल्याचे सांगितले आणि त्यातून नवी दिशा मिळाली. १९८६ साली क्लिगमन व सहकाऱ्यांनी आतपजीर्ण त्वचेवरील उपयोगाचा निबंध प्रसिद्ध केला.

या इतिहासाची एक काळी बाजूही नमूद केली पाहिजे. क्लिगमन यांचे अनेक प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर झाले होते. त्याबद्दल पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ साली जाहीर क्षमा मागितली. औषध उपयुक्त ठरले म्हणून ते मिळविण्याचा मार्ग निर्दोष ठरत नाही.

१९८८ साली मिशिगन विद्यापीठात ३० रुग्णांवर नियंत्रित अभ्यास झाला. प्रत्येकाच्या एका अग्रबाहूस ०.१ टक्के ट्रेटिनॉइनचे मलम व दुसऱ्यास औषधरहित मलम असा प्रयोग १६ आठवडे चालला. निम्म्या रुग्णांनी चेहऱ्यावरही ते लावले. औषध लावलेल्या बाजूस स्पष्ट सुधारणा दिसली. मात्र ९२ टक्के रुग्णांना त्वचादाहही झाला. हे वृत्त वर्तमानपत्रांतून पसरताच अमेरिकेत मुखदूषिकेच्या त्या ट्यूबवर ग्राहकांची झुंबड उडाली. सुरकुत्यांसाठी तिला मान्यता नव्हती. ती मिळावयास डिसेंबर १९९५ उजाडला.

आणि ती मान्यता कोणत्या शब्दांत मिळाली हे पाहण्याजोगे आहे. ०.०५ टक्के ट्रेटिनॉइनचे हे मलम बारीक सुरकुत्या, ठिपकेदार काळेपणा व खरखरीतपणा ‘कमी करण्यास’ साहाय्यक म्हणून, तेही उन्हापासून बचाव करीत असतानाच वापरावयाचे, असे ठरले. हे मलम सुरकुत्या नाहीशा करीत नाही, उन्हाने झालेली हानी दुरुस्त करीत नाही व त्वचेस पुन्हा तारुण्य देत नाही, अशा अर्थाची स्पष्ट सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच देण्यात आली. जगात सर्वाधिक पुरावा असलेल्या औषधाने स्वतःविषयी इतके मोजके बोलावे, हे आपल्या जाहिरातींनी लक्षात घेण्यासारखे आहे.

कार्य कसे होते?

रेटिनॉइक आम्ल पेशीच्या केंद्रकातील विशिष्ट ग्राहकांशी जोडले जाते. हे ग्राहक १९८७ साली फ्रान्स व अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी शोधून काढले. या जोडणीमुळे बाह्यत्वचेतील पेशींची वाढ व परिपक्वता बदलते, वरचा मृत थर घट्ट व एकसारखा होतो, रंगकणांचे पुंजके विखुरतात आणि कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांवर नियंत्रण येते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० ते १२ महिने ट्रेटिनॉइन लावलेल्या आतपजीर्ण त्वचेत नव्या कोलॅजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली, तर औषधरहित मलम लावलेल्या गटात ती १४ टक्क्यांनी घटली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हे कार्य महिन्यांच्या मापाने होते, दिवसांच्या नव्हे. दुसरी, रेटिनॉइड म्हणजे आपले भ्राजक पित्त किंवा त्वच्य रसायन, असे समीकरण मांडण्याचा मोह आवरावा. दोन शास्त्रांच्या परिभाषा जुळविण्याची घाई केल्याने दोहोंचेही आकलन उणे होते.

वापराची रीत

सुश्रुतांनी आलेप, प्रलेप व प्रदेह असे भेद सांगितले, लेप रात्री लावू नये व वाळलेला लेप अंगावर ठेवू नये असे बजावले. शार्ङ्गधरांनी मुखलेपाची जाडी दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य अशा प्रकारांनुसार अनुक्रमे पाव, एकतृतीयांश व अर्धा अंगुल अशी मोजून दिली. बाह्योपचारातही मात्रा व काल यांना महत्त्व आहे हे आपणांस शिकविण्याची आवश्यकता नाही. रेटिनॉइडचेही तसेच आहे; केवळ नियम निराळे आहेत.

ट्रेटिनॉइन प्रकाशात विघटित होते, म्हणून ते रात्रीच लावावयाचे. सौम्य साबणाने चेहरा धुऊन, तो पूर्ण कोरडा झाल्यावर, साधारण २० ते ३० मिनिटांनी, संपूर्ण चेहऱ्यास मटारच्या एका दाण्याएवढी मात्रा पुरे होते. पापण्या, नाकाचे कोपरे व ओठ वगळावेत. आरंभी एक दिवसाआड किंवा तीन दिवसांतून एकदा लावून त्वचेला सवय करावी. पहिल्या काही आठवड्यांत लाली, जळजळ व पापुद्रे सुटणे हे अपेक्षित असते. त्या काळात साधे स्निग्ध मलम सोबत द्यावे व प्रसंगी काही दिवस औषध थांबवावे. त्वचेचा पोत सुधारण्यास तीन-चार महिने, तर डाग व सुरकुत्यांवर परिणाम दिसण्यास सहा महिने वा अधिक काळ लागतो. ‘जास्त लावले की लवकर गुण’ हा समज येथे थेट दाहाकडे नेतो.

तीव्रतेबाबतही १९९५ सालचा एक अभ्यास मार्गदर्शक आहे. ०.०२५ टक्के व ०.१ टक्के या दोन मलमांची ४८ आठवडे तुलना केली असता गुण जवळजवळ सारखाच, परंतु दाह सौम्य मलमाने बराच कमी, असे आढळले. अल्प मात्रेने कार्य होत असता अधिक देऊ नये, हे चिकित्सासूत्र येथेही खरे ठरते.

गर्भिणीस व गर्भधारणेची इच्छा असणाऱ्या स्त्रीस हे द्रव्य टाळावे. बाहेरून लावल्यास शोषण अल्प असले, तरी याच वर्गातील पोटातून घ्यावयाचे आयसोट्रेटिनॉइन गर्भास विकृती करणारे आहे. आणि सौंदर्यासाठी हा धोका पत्करण्याचे कारण नाही. तसेच, हे मलम त्वचेच्या कर्करोगास प्रतिबंध करील अशी आशाही ठेवू नये. अमेरिकेतील १,१३१ माजी सैनिकांवरील दीर्घ अभ्यासात तसा लाभ दिसला नाही. न भरणारा व्रण, रक्त येणारी खपली, वाढणारा वा कडा बदलणारा तीळ दिसल्यास लेप व मलम दोन्ही बाजूस ठेवून रुग्णास त्वचारोगतज्ज्ञाकडे धाडावे.

आपल्या त्वचेचे वेगळेपण

गोऱ्या वंशाच्या लोकांत आतपाची खूण मुख्यतः सुरकुत्यांनी उमटते. आपल्याकडे ती आधी डागांनी उमटते. शेतात राबणारी स्त्री, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, मासळी सुकविणारी कोळीण यांच्या चेहऱ्यावर सुरकुतीआधी काळेपणा दिसतो. सावळ्या त्वचेत दाहानंतर काळा डाग राहण्याची प्रवृत्ती मोठी असते. म्हणून डाग घालविण्यासाठी लावलेल्या रेटिनॉइडने अतिदाह झाला, तर त्याच जागी नवा डाग पडतो. पाश्चात्त्य रुग्णांवरील मात्रा जशीच्या तशी उचलणे यासाठीच अयोग्य.

याहून गंभीर प्रश्न आहे तो तिहेरी मलमाचा. १९७५ साली क्लिगमन व विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व डेक्सामेथासोन यांचे मिश्रण वांगासाठी सुचविले. अमेरिकेत २००२ साली मान्यता पावलेले या प्रकारचे मलम आठ आठवड्यांपर्यंतच्या अल्पकालीन वापरासाठी होते. आपल्याकडे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व मोमेटासोन असलेली मलमे मात्र वर्षानुवर्षे ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून वापरली गेली. त्यातील स्टेरॉइडमुळे आरंभी चेहरा उजळतो व ट्रेटिनॉइनचा दाहही झाकला जातो. पुढे त्वचा पातळ होते, केशिका दिसू लागतात, पुटकुळ्या व अनावश्यक लव येते. मलम थांबविताच चेहऱ्याची आग होते, म्हणून रुग्ण ते सोडू शकत नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेस ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले आणि २०१८ साली केंद्र सरकारने १४ बाह्योपचारी स्टेरॉइड द्रव्ये चिठ्ठीवाचून विकण्यास प्रतिबंध केला. असा रुग्ण आपल्याकडे आल्यास मलम एकाएकी बंद करून तीक्ष्ण, उष्ण वा लेखन लेप देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. येथे शीत, स्निग्ध, मृदू उपक्रम व त्वचारोगतज्ज्ञाचे साहाय्य हाच मार्ग.

बावची आणि बाकुचिओल

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. बावचीच्या बीजातील बाकुचिओल या द्रव्याची ओळख १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सुख देव व त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधाने जगास झाली. हे द्रव्य रेटिनॉलशी रचनेने मिळतेजुळते नसूनही त्वचेतील अनेक जनुकांवर त्यासारखेच कार्य करते, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. २०१९ साली ४४ रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या तुलनेत ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा व ०.५ टक्के रेटिनॉल दिवसातून एकदा यांनी सुरकुत्या व काळेपणा यांत सारखीच सुधारणा झाली. जळजळ व पापुद्रे मात्र रेटिनॉलच्या गटात अधिक होते. अभ्यास लहान आहे व तुलना रेटिनॉलशी आहे, त्याहून पुष्कळ प्रभावी अशा ट्रेटिनॉइनशी नाही. तरीही ही वार्ता आपणांस अभिमानाची आहे.

परंतु या अभिमानातून एक घातक चूक बाजारात रुजत आहे. बाकुचिओल म्हणजे बावचीचे तेल नव्हे. बावचीच्या बीजात सोरालेन व आयसोसोरालेन ही द्रव्येही असतात आणि ती त्वचेस प्रकाशाप्रती अतिसंवेदनशील करतात. श्वित्रात बावची लावून मर्यादित आतपसेवन करविण्याच्या आपल्या परंपरेचे मर्म यातच आहे; आधुनिक ‘पुवा’ चिकित्साही सोरालेन व अतिनील-अ किरण यांच्या याच संयोगावर उभी आहे. जे द्रव्य ऊन ओढून घेऊन वर्ण उत्पन्न करण्यासाठी वापरावयाचे, तेच उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्यावर, उन्हात फिरणाऱ्या रुग्णास लावावयास देणे हा हेतुविपरीत नव्हे, तर हेतुवर्धक उपचार झाला. त्यातून फोड, दाह व अधिकच गडद डाग पडू शकतात.

अभ्यासांत वापरलेले बाकुचिओल शुद्ध व ठरावीक मात्रेचे असते. घाण्याचे तेल, सिद्ध तेल किंवा चूर्णाचा लेप यांत सोरालेन किती आहे हे मोजल्यावाचून कळत नाही. आणि गोमूत्रादी शोधनाने ते पूर्णतः जाते असे गृहीत धरणे योग्य नव्हे. म्हणून ‘नैसर्गिक रेटिनॉल’ हे शब्द बावची तेलाच्या बाटलीवर छापण्यापूर्वी फार्मसी चालकांनी सोरालेनचे प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून घेतले पाहिजे. ते सोरालेनमुक्त नसेल तर ते श्वित्राचेच औषध आहे, वांगाचे नव्हे.

आपले कर्तव्य

वैद्यांनी मुखविकाराच्या प्रत्येक रुग्णास ‘चेहऱ्यास सध्या काय लावता?’ हा प्रश्न विचारून ती ट्यूब वा बाटली प्रत्यक्ष पाहावी व घटक वाचावेत. रेटिनॉइड चालू असलेल्या त्वचेवर लिंबूरस, तुरटी, मसूर वा अन्य खरखरीत उटणी, वाफ व जोराचे मर्दन टाळावे. लोध्र, मंजिष्ठा, यष्टिमधु यांसारख्या द्रव्यांचा लेप द्यावयाचाच असल्यास दाह शमल्यावर, लहान जागी लावून पाहून मग द्यावा. नवे काही सुरू करताना एका वेळी एकच सुरू करावे. अन्यथा गुण कशाने व दाह कशाने, हे रुग्णास कळत नाही आणि आपणांसही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निदानपरिवर्जन. आतप टाळल्यावाचून रेटिनॉइड असो वा कुंकुमादी तैल, सारे पालथ्या घड्यावर पाणी. रुंद काठाची टोपी, छत्री, ओढणी वा पदर, दुपारची कामे शक्य तेथे सकाळी उरकणे, आणि उघड्या भागास किमान ३० एसपीएफचे आतपरोधक दर दोन-तीन तासांनी लावणे, हे चिकित्सेचे परिशिष्ट नसून तिचा पाया आहे. वांगात दृश्य प्रकाशाचाही वाटा असल्याने लोहभस्माप्रमाणे लालसर दिसणारे लोह ऑक्साइडयुक्त, रंगीत आतपरोधक अधिक उपयोगी पडते. शेतमजूर स्त्रीस महागडी ट्यूब परवडणार नसेल, तर दाट विणीचे सुती कापड व सावली यांचा उपदेश तितक्याच गांभीर्याने करावा.

फार्मसी चालकांवर दुहेरी जबाबदारी आहे. विक्रेता म्हणून त्यांनी स्टेरॉइडमिश्रित मलम चिठ्ठीवाचून देऊ नये, मग गिऱ्हाईक कितीही नेहमीचे असो. निर्माता म्हणून त्यांनी आयुर्वेदीय मलमात ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन वा स्टेरॉइड यांची छुपी भर घालण्याचा विचारही मनात आणू नये. तो कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय अशा एका ट्यूबने शंभर प्रामाणिक वैद्यांच्या लेपावरील विश्वास उडतो. युरोपीय संघाने २०२४ साली प्रसाधनांतील रेटिनॉलवर चेहऱ्याच्या उत्पादनांसाठी ०.३ टक्के व अंगास लावावयाच्या लोशनसाठी ०.०५ टक्के अशी मर्यादा घातली. साध्या प्रसाधनातील द्रव्यासही जग आता मोजून घेत असताना, आपल्या तेलातील कार्यकारी व अपायकारी द्रव्ये किती, याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.

रेटिनॉइडची प्रतिष्ठा वाढली ती जाहिरातीमुळे नव्हे. किती टक्के, किती वेळा, किती महिने, कोणास नको आणि काय साधणार नाही, या पाच प्रश्नांची उत्तरे त्याच्यामागे लिहिलेली आहेत. बावची, मंजिष्ठा, लोध्र यांच्यामागे शतकांचा अनुभव आहे. या पाच उत्तरांची जोड त्यास देणे हे आपल्या पिढीचे काम आहे. प्रत्येक वैद्याने आपल्या वांगाच्या रुग्णांची छायाचित्रे, लावलेले द्रव्य, मात्रा व कालावधी यांची साधी नोंद ठेवण्यास या महिन्यापासून प्रारंभ केला, तरी त्या कामाची सुरुवात होईल.